चवथीची दुसरी रात्र, १२० चा ठेका

चवथ, दुसरा दिवस. रात्रीचा दीड वाजलाय.

आरत्या साडेअकराला आटोपल्या. वाड्यावरची नऊ घरं झाली, तळहात अजून हुळहुळताहेत. आमचा गणपती पाच दिवसांचा, म्हणजे अजून तीन रात्री आहेत. बाहेर पाऊस धो-धो. झोप येईना म्हणून माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या चौकटीखाली, चटई टाकली आणि हेडफोन लावून ‘मिडटाउन १२० ब्लूज’ पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतला.

डीजे स्प्रिंकल्स या नावानं अमेरिकी संगीतकार टेरे थेमलिट्झ यांनी हा अल्बम काढला, २००८ साली, जपानमधल्या म्यूल म्यूझिक या लेबलवर. १२० म्हणजे मिनिटाला १२० ठोके, हाउस या क्लबात वाजणाऱ्या नाचाच्या संगीताची नेहमीची चाल. मिडटाउन म्हणजे न्यूयॉर्कचा तो भाग, जिथल्या ट्रान्सजेंडर क्लबात थेमलिट्झ एके काळी रेकॉर्ड लावत असत. थेमलिट्झ आपलं संगीत स्ट्रीमिंगवर ठेवत नाहीत. माझ्याकडे सीडी आहे. सहा वर्षांपूर्वी इथे गोव्यात, हरमलच्या किनाऱ्यावर एका जपानी पाहुण्यानं परत जाताना दिली होती, बॅगेचं वजन जास्त होतंय म्हणून. तेव्हापासून ती कपाटात आईच्या पोथ्यांशेजारी आहे.

सुरुवातीलाच मऊ सुरांवर एक शांत आवाज बोलू लागतो. हाउस म्हणजे नुसता आवाज नाही, ती एक परिस्थिती आहे, असं तो सांगतो. मग त्या परिस्थितीची यादीच वाचतो: लिंगओळखीची घुसमट, पोटासाठी देह विकणं, काळ्या बाजारातले हार्मोन, व्यसनं, एकटेपणा, वर्णद्वेष, एचआयव्ही, पोलिसांचा मार, बेकारी. हे सगळं त्याच १२० च्या ठेक्यावर. पुढे एका ट्रॅकमध्ये पॉप गायिका मॅडोनाच्या १९९० च्या ‘व्होग’ या गाण्याचा विषय निघतो. व्होग हा मूळचा काळ्या आणि लॅटिनो समलिंगी-ट्रान्स मंडळींचा नाच. गाण्यानं मात्र सांगितलं, तू काळा की गोरा, मुलगा की मुलगी, काही फरक पडत नाही. झालं, ज्यांचा नाच त्यांचं नावच पुसलं गेलं. गाणं पैसा ओढत होतं, आणि जिनं मॅडोनाला तो नाच शिकवला ती क्लबात थेमलिट्झ यांच्यासमोर बसलेली, नशेत, खचलेली, खिसा रिकामा. इथे मला दर वेळी गाणं थांबवून श्वास घ्यावा लागतो.

समीक्षकांनी हा अल्बम डोक्यावर घेतला. रेसिडेंट अॅडव्हायझर या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या वेबसाइटनं २००९ चा सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याला पहिला नंबर दिला. तो त्याला मिळायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी वाचलेल्या परीक्षणांत त्या बोलण्याची दखलही नीट घेतलेली होती. पण परीक्षण वाचणारे किती आणि आमच्यासारखे वाजवणारे डीजे किती? अश्वेच्या किनाऱ्यावर एका सीझनला मी सूर्यास्ताच्या वेळी तोच मॅडोनावरचा ट्रॅक लावला. बोलणं कापलं, ड्रम येतो तिथून सुरू केला. लोकांना आवडला. मलाही त्या संध्याकाळी काही टोचलं नाही.

टोचलं ते गेल्या डिसेंबरात. एका हॉटेलच्या हिरवळीवर लग्न होतं, साउंड माझा. वऱ्हाडाच्या स्वागताला घुमट, म्हणजे मडक्याला कातडं ताणून केलेलं आमचं वाद्य, वाजवणाऱ्यांचा ताफा बोलावलेला, त्यात आमचे काका. इव्हेंटवाला म्हणाला, चार मिनिटं, आणि गायचं नाही, फक्त बीट द्या. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मिक्सरवर गाणाऱ्यांच्या माइकचा आवाज खाली ओढला आणि घुमटाचा वर नेला. आवाज असा सुरेख बसला होता की काय सांगू, एकेक घुमकी छातीत लागत होती. घरी येताना गाडीत काका एक शब्द बोलले नाहीत.

काकांच्या लहानपणी घुमटाला घोरपडीचं कातडं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं, ते योग्यच झालं. आता बकऱ्याचं कातडं. पावसात ते सैल पडतं, म्हणून काल संध्याकाळी काका पिवळ्या बल्बपाशी मडकं धरून बसले होते, बोटानं टिचकी मारून ऐकत, परत शेकवत, परत ऐकत. जुना नाद येत नाही असं ते दर वर्षी म्हणतात. तरी मांडीवर घेऊन डाव्या हातानं मागचं तोंड झाकत-उघडत त्यांनी ‘सुखकर्ता’ धरली की ते घुमटच असतं. कातडं बदललं, नाद बदलला, आरती होती तिथेच राहिली. हॉटेलवर नाद फर्स्ट क्लास होता, पण तिथे काय वाजलं ते मला अजून सांगता येत नाही. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेव्हा वाड्यावर पेढे वाटले होते. ते पेढे मीच आणले होते.

आत्ता काका समईत तेल घालायला उठले. मी जागा आहे बघून शेजारी टेकले.

“काय ऐकतोस रे?”

एक कान त्यांना दिला. थोडा वेळ मान डोलावत बसले, मग विचारलं, “हे बोलतात काय मध्ये?” मला जमेल तसं मराठीत सांगितलं. ती यादी सांगितली, मॅडोनाचं सांगितलं, समोर बसलेल्या त्या नाचणारीचं सांगितलं.

“तिचं मग काय झालं?”

“ते यात नाही, काका.”

त्यांनी वात सारखी केली. बोटाचं तेल पंच्याला पुसलं.

“परत लाव. बोलणं आहे तिथून.”