समोशाच्या भरवशावर

प्रेमात शपथ घ्यायची ती चंद्रसूर्याची, हा जुना रिवाज. पूर्वीचे राजेसुद्धा जमीन दान देताना ताम्रपटावर ‘आचंद्रार्क’ कोरून घ्यायचे. 1997 च्या ‘मिस्टर अँड मिसेस खिलाडी’ सिनेमातल्या गाण्यात अक्षय कुमारनं ही मुदत आकाशातून उतरवून थेट फरसाणवाल्याच्या परातीत ठेवली. समोशात बटाटा असेपर्यंत मी तुझा, शालू!

आलू आणि शालू. यमक जुळलं, विषय मिटला, असंही म्हणता येईल. आपल्या उखाण्यांत तरी वेगळं काय असतं? ‘भाजीत भाजी मेथीची’ म्हणणाऱ्या नवरीला मेथी आवडतेच असं नाही. ‘प्रीतीची’ला जोड हवी, म्हणून ती जुडी आणलेली. पण मेथीला कुणी जामीन ठेवत नाही. इथे समोसा जामीन आहे, आणि मुंबईकराला हा जामीन भलताच कच्चा वाटतो.

घाटकोपरला संध्याकाळी फरसाणच्या दुकानात दोन पराती शेजारी शेजारी दिसतात. त्यातल्या एकीवर पुठ्ठ्याचा तुकडा: ‘जैन’. समोशाचा आकार तोच, कडेची मुरड तीच. टोक मोडलं की वाफेबरोबर बाहेर येतं ते कुस्करलेलं कच्चं केळं, चार मटार, दाताखाली येणारी बडीशेप. कंदमूळ औषधालाही नाही. चवीला झकास लागतो, उगाच खोड काढू नये. पण शालू घाटकोपरची निघाली तर पहिल्या चहालाच सगळं मोडायचं. रमजानात तिला मोहम्मद अली रोडला नेलं, तर पट्टी समोशात खिमा. तिथे बटाटा शोधणाराच खुळा.

मुळात समोशाला बटाट्याची सवय फार उशिरा लागली. 14 व्या शतकात इब्न बतूतानं मुहम्मद तुघलकाच्या दरबारातला समोसा लिहून ठेवलाय. आत खिमा, बदाम, पिस्ते, कांदा. बटाटा तेव्हा अमेरिकेतच होता, आणि समोशाचं त्याच्यावाचून काही अडत नव्हतं.

बिहारनंही हीच हमी घेऊन पाहिली. समोशात आलू तोवर बिहारमध्ये लालू, ही घोषणा सगळ्यांना पाठ. त्याच 1997 च्या जुलैत लालूप्रसादांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. समोशातला बटाटा जागच्या जागी होता. खुर्ची गेली राबडीदेवींकडे, म्हणजे तिखटानंतर गोड.

मला विचाराल तर नायकानं दादरला चौकशी करायला हवी होती. बटाटावड्यातून बटाटा काढून दाखवा बरं! हातात नुसतं बेसनाचं टरफल राहील. वड्याला गाणंही मिळालेलं आहे, 1987 च्या ‘हिफाजत’मध्ये, चाल आर. डी. बर्मनची. आता शपथेसाठी फक्त यमकात बसणारी मुलगी हवी. राधा जवळपास येते, पण ‘ड’ आणि ‘ध’चं एवढंसं अंतर चालीत खपवून घ्यायला संगीतकार दिलदार पाहिजे.