‘समुपदेशना’तून उपदेश वजा करताना : माझा अनुभव

लातूरमध्ये मुलींच्या एका खाजगी वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून मी गेली चौदा वर्षे काम करते आहे. बीड, परभणी, नांदेड, हिंगोली, धाराशिव अशा सगळ्या बाजूंनी अकरावी-बारावीसाठी आणि ‘नीट’च्या तयारीसाठी मुली इथे येतात, कुणाचे वडील दोन एकर कोरडवाहू जमीन कसतात, कुणाचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, कुणाच्या घरी शिक्षणाचा हा पहिलाच खर्च असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलीने जेवण सोडले, तेव्हा मी तिला समोर बसवून अर्धा तास समजावले. ती ‘हो मॅडम’, ‘बरं मॅडम’ म्हणत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून गावी निघून गेली. त्या अर्ध्या तासात मी काय काय बोलले ते मला आजही आठवते, पण तिचे एकही वाक्य आठवत नाही, कारण तिला मी बोलूच दिले नव्हते. ही गोष्ट मनातून जाईना, म्हणून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी दूरशिक्षणाने मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला आणि विशेष विषय म्हणून समुपदेशन निवडले.

पहिले काही महिने वाया गेले असेच म्हणावे लागेल. पुस्तकांचा संच सत्र निम्मे सरल्यावर हाती पडला आणि अभ्यासकेंद्रावरचे रविवारचे बहुतेक तास रद्द होत राहिले. शेवटी आम्ही पाच जणांनी आपला स्वतंत्र गट केला. त्यात अंबाजोगाईचे एक माध्यमिक शिक्षक होते, उदगीरकडच्या एक अंगणवाडी पर्यवेक्षिका होत्या, आणि दर दुसऱ्या रविवारी वसतिगृहाच्या जेवणघरात, दुपारची भांडी उचलून झाली की, आम्ही बसत असू. सुरुवातीला आम्ही सगळ्यांसारखेच पाठांतर केले. सिद्धांताचे नाव, सिद्धांतकार, साल, चार संकल्पना, दोन मर्यादा असा तक्ता भिंतीवर लावला, पण तो पाठ होऊनही एका सिद्धांताची माणसे दुसऱ्या सिद्धांतात मिसळू लागली. मग पर्यवेक्षिका ताईंनी सुचवले की आपण एकच काल्पनिक मुलगी घेऊ आणि प्रत्येक सिद्धांतकाराला तिच्यासमोर बसवू. आमची ती मुलगी बारावीत होती, सराव परीक्षेत तिला ७२० पैकी ३८० गुण मिळाले होते, तिने जेवण सोडले होते आणि वडिलांचा फोन ती उचलत नव्हती. पुढची दीड वर्षे आम्ही तिच्यासोबत काढली, आणि अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो तिथून.

फ्रॉइड यांच्यापाशी मी फार रेंगाळले नाही. अबोध मन, बालपणातले संघर्ष, स्वप्नांचा अर्थ हे सगळे समजून घेतले, पण आमच्या कामाला उपयोगी पडल्या त्या त्यांनी मांडलेल्या आणि त्यांची कन्या ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये सविस्तर उलगडून दाखवलेल्या संरक्षण यंत्रणा, म्हणजे नकोशा भावनांपासून वाचण्यासाठी मन नकळत वापरते त्या युक्त्या. वडिलांवरचा राग खोलीतल्या मैत्रिणीवर निघतो, याला विस्थापन म्हणतात हे कळल्यावर वसतिगृहातली किती तरी भांडणे मला नव्याने दिसू लागली. ॲडलर, पर्ल्स यांची रिकामी खुर्ची (तिच्यावर मनातली व्यक्ती बसली आहे असे मानून तिच्याशी बोलायचे तंत्र), ग्लासर यांची १९६५ ची वास्तव उपचारपद्धती हे सगळे परीक्षेपुरते नीट केले, त्याहून जास्त जवळीक झाली नाही.

वर्तनवादाने, म्हणजे वागणे शिकलेले असते आणि नव्याने शिकून बदलता येते असे मानणाऱ्या विचाराने, मात्र मला आश्चर्याचा धक्का दिला, कारण हे काम इतके हाताशी धरता येण्याजोगे असेल असे वाटले नव्हते. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतशीर विसंवेदीकरणात भीतीची उतरंड रचायची असते. आमच्या काल्पनिक मुलीसाठी आम्ही ती खरोखरच वहीत लिहून काढली. शून्य ते शंभर या मापावर, घरी निवांत बसलेले असताना ‘परीक्षा’ हा शब्द कानावर पडणे म्हणजे १०. आदल्या रात्री प्रवेशपत्र पिशवीत ठेवणे म्हणजे ४०. केंद्राच्या फाटकावर झडतीच्या रांगेत उभे राहणे म्हणजे ७०. आणि ओएमआर उत्तरपत्रिका समोर ठेवली जाऊन घंटा होण्याआधीची दोन मिनिटे म्हणजे ९५. आधी जेकबसन यांच्या पद्धतीने एकेक स्नायू आवळून सैल सोडायला शिकवायचे, शरीर पुरते शांत झाले की सर्वांत खालची पायरी डोळ्यांसमोर आणायची, आणि ती अगदी शांतपणे सोसता आली तरच वरच्या पायरीकडे जायचे. कारण शिथिलता आणि भीती एकाच शरीरात एकाच वेळी नांदू शकत नाहीत, या तत्त्वावर ही सगळी रचना उभी आहे.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसाला तशी परकी नाही; कि. मो. फडके आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती आपल्या भाषेत रुजवली आहे. घटना, तिच्याविषयीची धारणा आणि तिचा परिणाम ही त्रयी पाठ करायला सोपी आहे. पण तिचा गाभा मला एका अक्षरात सापडला. एलिस ज्याला हेकेखोर मागणी म्हणतात, ती मराठीत ‘च’ने बोलते. ‘माझा मेडिकलला नंबर लागावा’ ही इच्छा आहे, आणि ती पुरी झाली नाही तर दुःख होणे स्वाभाविक आहे. ‘माझा मेडिकलला नंबर लागलाच पाहिजे’ ही मागणी आहे, आणि ती पुरी झाली नाही तर जगणेच निरर्थक वाटू लागते. इच्छेतून मागणीत जाताना बाकी सारे जवळजवळ तसेच राहते आणि ‘च’ तेवढा येऊन चिकटतो. त्या महिन्यात मी जेवणघरात, जिन्यावर, फोनवर मुलींच्या बोलण्यातले ‘च’ ऐकत राहिले, आणि माझ्या स्वतःच्या बोलण्यात ते त्यांच्याहून जास्त होते हे मला मान्य करावे लागले.

ॲरन बेक यांचे काम त्याच्या शेजारचे आहे, तरी स्वभाव वेगळा आहे. एलिस धारणेशी थेट वाद घालतात. बेक रुग्णाच्या शेजारी बसून पुरावा तपासतात. ‘सर आज माझ्याकडे बघून हसले नाहीत’ ही घटना, ‘त्यांना माझी आशा उरली नाही’ हा आपोआप उमटलेला विचार. मग या विचाराच्या बाजूने काय आहे, विरुद्ध काय आहे, दुसरे कोणते कारण संभवते, हे सगळे रकाने आखून लिहायचे. मी स्वतः तीन आठवडे अशी विचारनोंदवही ठेवली. दुसऱ्याला जे करायला सांगायचे ते आधी स्वतः करून पाहावे, असे माझे ठाम मत त्यातूनच झाले.

आणि व्यक्तिकेंद्रित समुपदेशन मांडणारे कार्ल रॉजर्स? त्यांच्यासाठी आम्ही एक रविवारसुद्धा पुरता दिला नाही. समानुभूती, विनाअट स्वीकार आणि समुपदेशकाचा सच्चेपणा या तीन गोष्टी वाचल्या, १९५७ चा त्यांचा लेख बदलासाठी आवश्यक आणि पुरेशा अशा सहा अटी सांगतो हे टिपून घेतले, आणि ‘हे तर सोपे आहे, ऐकून तर घ्यायचे आहे’ असे म्हणून पुढे गेलो. सिद्धांताच्या लेखी परीक्षेत मला याच प्रश्नावर सर्वांत चांगले गुण मिळाले असावेत, असे मला वाटते.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक होते. लेखी संमती दिलेल्या एका प्रौढ व्यक्तीबरोबर सत्रे घ्यायची, आणि एका सत्रातील वीस मिनिटांचे संभाषण शब्दशः लिहून मार्गदर्शकांकडे द्यायचे. माझ्यासमोर बसल्या त्या रेणापूर तालुक्यातल्या, शिवणकाम करणाऱ्या एक ताई. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी इथे बदलले आहेत. त्या म्हणाल्या, ‘‘रात्री डोळाच लागत नाही मॅडम. जीव नुसता वर-खाली होतो.’’ त्यावर मी म्हणाले, ‘‘असा विचार करू नका. तुम्हाला दोन गुणी लेकरं आहेत, त्यांच्याकडे बघा.’’ त्या म्हणाल्या, ‘‘ते बी खरंच हाय.’’ मग आम्ही बराच वेळ लेकरांच्या शाळेविषयी बोललो आणि सत्र चांगले झाले, असे समजून मी घरी आले.

लिहिलेले संभाषण परत आले तेव्हा त्यावर गुण नव्हते. मार्गदर्शकांनी माझ्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने एक अक्षर लिहिले होते : सल्ल्याला ‘स’, प्रश्नाला ‘प्र’, ऐकल्याची पोच देणाऱ्या वाक्याला ‘ऐ’. माझी चौतीस वाक्ये होती. त्यांत ‘स’ एकवीस, ‘प्र’ अकरा आणि ‘ऐ’ दोन. लेकरांच्या त्या वाक्यापाशी समासात लिहिले होते : ‘त्या रात्रीविषयी बोलत होत्या. तुम्ही त्यांना दिवसाकडे नेले.’ त्या दिवशी मला रॉजर्स न कळल्याचे कळले. ‘समुपदेशन’ या आपल्या शब्दाच्या पोटातच उपदेश आहे, आणि इतकी वर्षे अधीक्षिका राहिलेल्या बाईला तो उपदेश वजा करून उरते काय, हेच ठाऊक नव्हते. रॉजर्स यांच्या पद्धतीत समुपदेशक गप्प बसतो असे नाही. समोरच्याच्या बोलण्यातला अर्थ आणि त्याखालची भावना तो आपल्या शब्दांत परत त्याच्यासमोर ठेवतो, बरोबर ऐकले का हे त्याच्याकडूनच तपासून घेतो, आणि पुढची वाट त्याला ठरवू देतो. हे करायला मला दोन महिने लागले. आमच्या गटात तिघे तिघे मिळून आम्ही सराव करत असू, एक बोलणारा, एक ऐकणारा आणि एक नुसती नोंद घेणारा. सल्ला तोंडातून निसटला की नोंद घेणाऱ्याने टेबलावर बोट वाजवायचे. सुरुवातीचे बरेच रविवार माझ्या वाट्याला ती टकटकच आली.

त्या ताईंनी पुन्हा यायची तयारी दाखवली, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. या वेळी त्या झोपेविषयी बोलल्या तेव्हा मी एवढेच म्हणाले, ‘‘दिवस कसाबसा निघतो, पण रात्र झाली की जीव थाऱ्यावर राहत नाही.’’ त्या बराच वेळ हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मी उठून बघून येते मॅडम. फवारणीचा डबा जागेवर हाय का नाही ते.’’ मालकांनी दोनदा ‘आता मोकळं झालेलं बरं’ असे बोलून दाखवले होते, आणि डबा गोठ्याच्या फळीवर होता. त्यांच्या न लागणाऱ्या झोपेचे कारण हे होते; पहिल्या सत्रात ते त्यांच्या ओठांवर आले होते की नाही हे मला सांगता येणार नाही, पण ते येण्यासाठी मी जागा ठेवली नव्हती हे त्या कागदावर लिहिलेलेच आहे.

इथे सिद्धांत बाजूला ठेवून पावले उचलायची असतात, आणि हा भाग आम्ही नीट शिकलो होतो. गुप्ततेला जिवाच्या धोक्याचा अपवाद असतो, हे पहिल्याच सत्रात त्यांना सांगितलेले होते. मी त्यांना स्वतःविषयीही स्पष्ट शब्दांत विचारले, ‘‘तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’’ असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलण्याची मुभा मिळते, हे मला शिकवले गेले होते. त्यांनी ‘नाही’ म्हणताना माझ्या डोळ्यांत बघितले. त्यांच्यासमोरच मी मार्गदर्शकांना फोन लावला. डबा त्याच संध्याकाळी दिरांच्या घरी कुलपात गेला. धोक्याचे साधन हाताशी नसणे, एवढ्यानेही जीव वाचतात. श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या, हे आम्ही अभ्यासात वाचले होते. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा पत्ता आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी त्यांना चिठ्ठीवर लिहून दिला. पुढच्या आठवड्यात त्या मालकांना घेऊन रुग्णालयात गेल्या. ते दोनदा गेले, तिसऱ्या वेळी गेले नाहीत, चौथ्या वेळी पुन्हा गेले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, ‘‘एवढे सिद्धांत वाचलेत, तुम्ही कोणाच्या?’’ मी मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांच्या १९३६ च्या लेखाचा आधार घेतला. निरनिराळ्या उपचारपद्धतींचे यश त्यांच्यातल्या सामायिक गोष्टींमुळे असू शकते, असे त्यांनी तेव्हाच सुचवले होते, आणि समोरच्या माणसाशी जुळलेले नाते ही त्यांतली मोठी गोष्ट मानली जाते. म्हणून पाया रॉजर्स यांचा ठेवते आणि भीती असेल तर वोल्पे, ‘च’ असेल तर एलिस, असे घेते, असे उत्तर मी दिले. ते त्यांना पटले असावे. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, ज्याची तयारी मी केली नव्हती : ‘‘ज्या मुलीची रजा मंजूर करणे तुमच्या हातात आहे, ती तुम्हाला खरे सांगेल का?’’ मी थोडा वेळ विचार केला आणि ‘नाही’ म्हणाले.

पदवी हातात आली तरी मी माझ्या वसतिगृहातल्या मुलींची समुपदेशक झाले नाही, ते यामुळेच. फाटकाच्या चाव्या, हजेरीपट आणि पालकांना जाणारे फोन ज्या बाईकडे आहेत, तिने त्याच मुलीचे गुपितही आपल्याकडे ठेवणे हा दुहेरी नात्याचा दोष आहे, आणि तो चांगल्या हेतूने भरून निघत नाही. आमच्या गटातल्या उदगीरच्या ताई आता दर गुरुवारी दुपारी इथे येतात; मुली त्यांच्याशी काय बोलतात ते त्या मला सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. त्या बदल्यात शनिवारी मी त्यांच्याकडच्या अंगणवाडी सेविकांसाठी उदगीरला जाते. वसतिगृहात माझे काम ऐकण्याचे आणि ओळखण्याचे आहे. जेवण कोणी सोडले, फोन कोण उचलत नाही, कोणाच्या बोलण्यात ‘च’ वाढला, हे मी पाहते, आणि गुरुवारची आठवण देते.

रेणापूरच्या त्या ताईंचा गेल्या महिन्यात फोन आला होता. चार वाजेपर्यंत झोप लागते म्हणाल्या. डबा अजून दिरांकडेच आहे.