सात रात्रींची क्रूझ आणि तीन मीटर डक्ट टेप

बोट सुटून तीनेक तास झाले तेव्हा आमची मोठी बॅग केबिनच्या दाराशी येऊन पोचली, ती एका अंगावर कललेली. चारपैकी एक चाक खोबणीसकट आत दबलं होतं आणि त्याच कोपऱ्यात चेनीलगतची शिवण चांगली वीतभर उसवली होती. आतला टॉवेल बाहेर डोकावत होता. पुढचे दोन दिवस बोट कुठल्याही बंदराला लागणार नव्हती. बोटीवरच्या दुकानांत घड्याळं होती, अत्तरं होती, टोप्या होत्या. सुई-दोरा, गोंद, चिकटपट्टी यांतलं काहीच नव्हतं.

मी पर्समधून एक जुनं प्लास्टिकचं कार्ड काढलं. त्याच्याभोवती डक्ट टेप, म्हणजे जाड कापडी चिकटपट्टी, गुंडाळून आणली होती. सात दिवसांत ती कुठे कामाला आली, कुठे नाही, आणि हातात असूनही कुठे लावायची नाही, हे सगळं आठवतंय तोवर लिहून ठेवते. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा लेक.

आधी ती न्यायची कशी ते सांगते. अख्खं रीळ नेऊ नका, उगाच जागा खातं. टेपची रुंदी साधारण ४८ मिलिमीटर असते आणि बँकेचं बाद झालेलं कार्ड ५४ मिलिमीटर रुंद असतं. त्यामुळे कार्डाच्या लांबीच्या दिशेने गुंडाळली की टेप कडांच्या आत नीट बसते. एका वेढ्याला सुमारे १७ सेंटिमीटर लागतात, म्हणजे अठरा वेढ्यांत तीन मीटर. चार माणसांना एका आठवड्यासाठी एवढी पुरते. शेवटचं टोक बोटभर आत दुमडून ठेवा, म्हणजे घाईच्या वेळी ते नखाने शोधत बसावं लागत नाही. कात्रीची गरज नाही. या टेपच्या पोटात उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी असते, त्यामुळे ती हाताने सरळ रेषेत फाटते.

आणि ती हातातल्या बॅगेतच ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ, कधी कधी रात्र होते. मधल्या वेळात मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव, असतो. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. त्या दिवशी नव्याने चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल तोवर झालेलंच नव्हतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि २०१५ पासून हे ड्रिल बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावं लागतं. ते मनापासून करा. औषधं, चष्मा, एक कपड्यांचा जोड आणि हे कार्ड तोपर्यंत आपल्याजवळ हवं.

तर ती बॅग. चेन शाबूत होती, फक्त तिच्या बाजूची शिवण सुटली होती. माझा पहिला विचार होता बाहेरून एक मोठी पट्टी मारून मोकळं व्हायचं. पण बोटीवरून उतरताना बॅगा एकमेकींवर रचल्या जातात, घासल्या जातात, आणि बाहेरची एकटी पट्टी त्यात सोलून निघते. म्हणून बॅग पूर्ण रिकामी केली. कापड आतून-बाहेरून कोरड्या रुमालाने पुसलं, मग सॅनिटायझर लावलेल्या टिश्यूने, आणि दहा मिनिटं वाळू दिलं. आधी आतून पट्टी लावली, फाटलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना चार-चार बोटं पुढे जाईल अशी. मग शिवणीच्या दोन्ही कडा जुळवून धरल्या आणि बाहेरून दुसरी. मधल्या फटीत दोन्ही पट्ट्यांचे गोंद एकमेकांना भिडले आणि तिथे जोड पक्का बसला. नवऱ्याकडच्या नखं कापायच्या कात्रीने पट्ट्यांचे चारही कोपरे गोल केले. टोकदार कोपरा आधी उचलला जातो, गोल कोपरा धरून राहतो. शेवटी चहाच्या चमच्याच्या पाठीने पाच मिनिटं जोर लावून घासलं. ही टेप दाबाने धरते, नुसती ठेवून चिकटत नाही. ही बॅग पुढे बोटीवरून उतरली, विमानाच्या पोटातून आली आणि घरी पोचेपर्यंत तो जोड सुटला नाही.

चाकाचं मात्र काही करता आलं नाही. टेप गुंडाळून पाहिली, पण फुटलेल्या खोबणीवर वजन आलं की ती वाकायचीच. वजन पेलणं हे टेपचं काम नव्हे. खोबणीची धारदार कड तेवढी झाकली, म्हणजे उचलताना कुणाचा हात कापू नये, आणि बॅग दोन चाकांवर तिरकी ओढली.

पृष्ठभाग पुसण्याबद्दल मी एवढं लिहितेय त्याला कारण आहे. १९७२ च्या डिसेंबरमध्ये अपोलो १७ च्या अंतराळवीरांच्या चांद्रगाडीचा मडगार्ड हातोडा अडकून मोडला. मोहिमेचे प्रमुख सर्नन यांनी तो टेपने चिकटवला, पण चंद्रावरची बारीक धूळ सगळीकडे बसलेली होती, टेप नीट धरली नाही आणि तुकडा पुढे गळून पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी यानाच्या आत, स्वच्छ जागी, चार नकाशे टेपने एकमेकांना जोडले आणि तो नवा मडगार्ड क्लॅम्पने गाडीला अडकवला. तो टिकला. बोटीवर चांद्रधूळ नाही, पण खारी हवा आहे, सनस्क्रीनचे तेलकट हात आहेत आणि ओले टॉवेल आहेत. बाथरूमच्या भिंतीवर साबणाची पिशवी टांगायला मी टेपचा आकडा केला होता. तासाभरात तो खाली. ओल्या जागी टेप वाया घालवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे बघ, माझ्या बुटाने तोंड उघडलंय.” उजव्या बुटाचा सोल पंजापासून मध्यापर्यंत सुटला होता आणि त्यातून काळा भुगा पडत होता. बूट नवे दिसत होते, कारण बरीच वर्षं कपाटातच होते. अशा बुटांचे सोल पुष्कळदा पॉलियुरेथेनचे असतात आणि ते हवेतल्या दमटपणाने आतून भुरभुरीत होत जातात. बूट वापरात नसला तरी हे चालूच असतं. ठेवणीतले बूट प्रवासाला न्यायचे असतील तर आधी आठवडाभर घरात आणि बाहेर घालून फिरा. सोल सुटायचा असेल तर तो घरीच सुटू दे.

बूट बांधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. डक्ट टेपचा वरचा थर पॉलिथिनचा असतो, आणि ओल्या डेकवर पॉलिथिन घसरतं. बुटाच्या तळाला भरभक्कम टेप मारून सत्तरीच्या बाईला डेकवर पाठवणं म्हणजे पडायची सोय. म्हणून भुगा झटकला, कडेने आडव्या पट्ट्या मारल्या, आणि एकच अरुंद पट्टी पायाच्या कमानीखालून घेतली, जिथे बूट जमिनीला टेकत नाही. “आई, आज उघड्या डेकवर नका जाऊ, आतल्या आतच फिरा. परवा बंदरात उतरलो की पहिल्यांदा तुमचे बूट घेऊ.” त्यांनी ते ऐकलं, दोन दिवस गालिच्यावरच फिरल्या, आणि तिसऱ्या दिवशी नवे बूट आले. बुटावरची टेप ही अशी, पुढच्या दुकानापर्यंत पोचवणारी.

त्याच रात्री समुद्र खवळला. सासूबाईंना बोट लागली, लेकही कुरकुरायला लागला, आणि त्यातच केबिनमध्ये कुठेतरी टक… टक… टक सुरू झालं. बोट एका बाजूला कलली की एकदा, परत सरळ झाली की एकदा. दिवसा लक्षातही येणार नाही असा आवाज, पण रात्री दोन वाजता डोक्यात घण बसल्यासारखा वाटतो. मी मोबाइलच्या उजेडात शोधत बसले. पहिला आवाज कपाटातल्या रिकाम्या हँगरांचा होता. ते सगळे एका बाजूला सारून त्यांच्याभोवती पट्टीचा एक वेढा घातला, आत टिश्यू ठेवून, म्हणजे गोंद हँगरला लागू नये. दुसरा आवाज ड्रॉवरचा. तो अर्ध्या बोटाने पुढे-मागे होत होता. त्याच्या फटीत घडी केलेला पुठ्ठा बसवला, टेप लागलीच नाही. तिसरा आवाज छतातल्या पॅनेलमधून येत होता. तिथे मी हात लावला नाही. छतात धुराचा सेन्सर असतो, पाण्याचे स्प्रिंकलर असतात. त्यांच्या आसपास टेप लावणं, त्यांना काही टांगणं किंवा ते झाकणं हे कधीच करू नये. सकाळी केबिन अटेंडंटला सांगितलं. दुपारपर्यंत माणूस येऊन पॅनेल घट्ट करून गेला. जे बोटीचं आहे ते बोटीच्या माणसांनीच दुरुस्त करावं, आणि सांगितलं की करतात.

भिंतींचंही तसंच. बहुतेक केबिनच्या भिंतींच्या आत लोखंडी पत्रा असतो, त्यामुळे लोहचुंबक छान चिकटतात. रोजचा कार्यक्रमाचा कागद, टोप्या, मुलाची चित्रं यांसाठी चार-सहा मजबूत चुंबक न्या. टेपने भिंतीचा वरचा थर सोलला तर भुर्दंड पडू शकतो. दाराचं कुलूप टेपने अडवून दार ढकललं की उघडेल असं ठेवायची कल्पना मुलांच्या डोक्यात हमखास येते. आमच्याही लेकाच्या आली. केबिनचं दार आग अडवणारं दार असतं, ते आपोआप घट्ट बंद व्हायलाच हवं. हे त्याला नीट बसवून समजावलं. दाराच्या आतल्या बाजूला सुटकेच्या वाटेचा नकाशा असतो, त्यावरही काही चिकटवू नका.

आगीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. चौथ्या दिवशी नवऱ्याच्या चार्जरची वायर टोकाशी सोलून तांब्याची तार दिसायला लागली. तो टेप मागायला आला आणि मी दिली नाही. डक्ट टेप विजेच्या कामासाठी बनवलेली नसते आणि उष्णतेने तिचा गोंद मऊ पडतो. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने गरम-थंड हवेच्या नळ्यांच्या जोडांवर निरनिराळ्या टेपा तपासल्या, त्यात कापडी डक्ट टेपच सपशेल नापास झाली. भर समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते. इस्त्री आणि मेणबत्त्या बोटीवर नेऊ देत नाहीत, त्यामागे हीच भीती असते. उघडी वायर कचऱ्यात गेली आणि उरलेले दिवस आम्ही एकाच चार्जरवर आळीपाळीने काढले. एक जादा केबल न्या, हे मी पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवलंय.

बाकी छोटी कामं बरीच झाली. शाम्पूच्या बाटल्यांच्या झाकणांवर एकेक पट्टी निघतानाच मारली होती, एकही सांडली नाही. फॉर्मल नाइटच्या, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या, संध्याकाळी नवऱ्याच्या पँटची खालची उसवलेली दुमड आतून टेपने बसवली. एका संध्याकाळपुरतं ठीक आहे, पण रात्री लगेच काढा, आणि रेशमी किंवा नाजूक कापडाला लावूच नका. काळ्या कोटावरचे धागे काढायला पट्टी हातावर उलटी गुंडाळली.

बंदरात खूप चालायचं होतं त्या दिवशी लेकाची टाच लाल व्हायला लागली. बरेच लोक सरळ कातडीवर टेप लावतात. मला ते पटत नाही. रबरी गोंदाने काहींना पुरळ उठतं, आणि फोड आलेला असेल तर टेप काढताना कातडीही निघून येते. मी ती बुटाच्या आत, टाचेच्या घासणाऱ्या जागी लावली. गुळगुळीत पृष्ठभागावर मोजा सरकतो आणि घासणं कमी होतं. फोड आला असेल तर वर स्वच्छ गॉझ आणि औषधाच्या दुकानातली पट्टी, एवढंच.

बाल्कनीत टेपने काहीही बांधू नका. वारा इतका असतो की ओला पोहण्याचा पोशाख टेपसकट उडतो आणि थेट समुद्रात. प्लास्टिक समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय कायद्याने पूर्ण बंदी आहे आणि ती योग्यच आहे. वापरलेला प्रत्येक तुकडा मी गोळा करून केबिनच्या कचऱ्यात टाकत होते.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवाव्या लागतात आणि सकाळी त्या बंदरावरच्या मोठ्या दालनात शेकडो बॅगांमध्ये शोधाव्या लागतात. आमच्या दुरुस्त केलेल्या बॅगेवरची पट्टी चांगली पिवळीधमक होती. लेकाने ती लांबूनच ओळखली. पुढच्या वेळी चारही बॅगांवर मुद्दाम अशी खूण करणार आहे. रंगीत टेप घ्या, राखाडी नको. कागदी टॅगचा मुठीभोवतीचा वेढा टेपने पक्का करा, पण केबिन नंबर आणि बारकोड उघडा ठेवा. चेनीवर टेप मारली असेल तर तिचं एक टोक दुमडून कान ठेवा, म्हणजे तपासणीसाठी बॅग उघडायला लागली तर फाडाफाड होत नाही. पासपोर्ट, औषधं आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे त्या बॅगेत गेले नाहीत ना, हे दार लावण्याआधी एकदा बघा.

घरी आल्यावर टेप काढताना हेअर ड्रायरने कोमट करून अगदी हळू, कापडालगत मागे वळवत सोलली. राहिलेला चिकटा खाद्यतेलाच्या थेंबाने मऊ झाला, मग साबणाने धुतला. बॅग दुरुस्तीला देऊन शिवण घालून घेतली आणि चाक बदललं. कार्डावर पाच वेढे उरलेत, पण ते पुढच्या प्रवासाला नेणार नाही. गुंडाळून वर्षभर ठेवलेल्या टेपचा गोंद कडांनी पाझरतो किंवा वाळतो. ते घरात संपवीन आणि निघायच्या आठवड्यात ताजी गुंडाळीन.