ट्रॉलीचा मागचा दिवा आणि ‘अपघात’ हा शब्द

उसाचा हंगाम सुरू झाला की कर्नाटकातल्या सीमाभागात, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी भागातल्या बातम्यांत एक वाक्य हमखास येतं: ‘उभ्या ट्रॉलीला धडकून अपघात, तरुण जागीच ठार.’ वर शीर्षक ‘काळाचा घाला’. तरुण धडकला, काळ आला, ट्रॉली मात्र नुसती उभी. ती तिथं कुणी उभी केली, मागं दिवा होता का, हे विचारायला त्या वाक्यात जागाच ठेवलेली नाही.

ती ट्रॉली मागून नीट बघा. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात. दिव्याची वायर ट्रॅक्टरवरून पहिलीला आणि तिथून दुसरीला जाते. फडातून बाहेर पडताना वळणावर दुसरी वायर ताणून तुटते, आणि कारखान्याच्या रांगेत नंबर जाईल म्हणून कुणी ती जोडत बसत नाही. दिवा असलाच तर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला. लाल रिफ्लेक्टर फळीवर, आणि फळीवर चिखल.

आता हिशेब करू. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 33 मीटर तिथंच गेले. कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी साधारण 35. एकूण 68 मीटर. लो बीमवर बिनदिव्याची ट्रॉली 50 मीटरवर दिसली असं धरा: ब्रेक लागल्यावर हातात 17 मीटर उरतात आणि कार ताशी 55 ते 60च्या वेगानं ट्रॉलीत शिरते. तीच कार ताशी 60नं येत असती तर 45 मीटरमध्ये थांबली असती. म्हणजे एक चूक दिवा नसलेल्याची, दुसरी उजेडापेक्षा जास्त वेगानं गाडी हाकणाऱ्याची. भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण दोघांचा वाटा टक्क्यांत काढू शकतं. ‘अपघात’ म्हटलं की दोघंही सुटल्यासारखे वाटतात.

उपाय फार खर्चाचा नाही. दोन इंच रुंदीची लाल रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह (उजेड पडला की चमकणारी) टेप फळीवर न लावता खाली चॅसीच्या आडव्या पट्टीवर, ऊस लोंबतो त्याच्याही खाली, पूर्ण रुंदीभर लावायची. दर खेपेला ओल्या फडक्यानं पुसायची. वायर हुकाजवळ वळणापुरती सैल सोडून बांधायची. ट्रॉली बंद पडली तर इशाऱ्याचा लाल त्रिकोण मागं पन्नास मीटरवर, आणि पुणे-बेंगळुरू हायवेवर शंभर मीटरवर, म्हणजे सव्वाशे-दीडशे पावलं. आणि निघताना चाकाला लावलेला दगड उचलायचा! तो तसाच रस्त्यात राहतो आणि रात्री त्यावरून मोटरसायकल उडते. मग पुन्हा तेच, ‘दुचाकी घसरून अपघात’.

‘ब्रेक फेल’ हा असाच एक आडोसा. तवंदी घाटात किंवा चोर्ल्याच्या उतारावर भरलेला ट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडला की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनरची पकड जाते, पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. लोअर गिअरला उतरणाऱ्या ट्रकला इंजिनच धरून ठेवतं. टायर फुटण्याचंही अनेकदा असंच: नक्षीच्या खाचांमधली झीजखूण टायरच्या पातळीला आली, म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर उरली, तरी टायर बदललेला नसतो.

मग शब्द कोणता वापरायचा? माझं मत स्पष्ट आहे: कारण कळेपर्यंत ‘धडक’. धडकेला कर्ता लागतो, कुणाची कुणाला हे सांगावंच लागतं. ‘खून’ म्हणू नये, तो निवाडा कोर्टाचा. आणि ‘अपघात’ खऱ्या अपघातासाठी राखून ठेवावा: धडधाकट ड्रायव्हरला अचानक झटका आला, वाऱ्यात झाड गाडीवर पडलं. ब्रिटिश मेडिकल जर्नलनं 2001 सालीच आपल्या पानांतून हा शब्द काढायचं ठरवलं, कारण बहुतेक इजा आधी ओळखता येतात आणि टाळता येतात.

कुणी म्हणेल, कायदाच ‘मोटार अपघात दावा न्यायाधिकरण’ म्हणतो. म्हणू दे. अर्जात तेच लिहा. पण फौजदारी कलमांत भाषा वेगळी आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 281 बेदरकार वाहन चालवण्याचं, आणि 106(1) निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याचं, पाच वर्षांपर्यंत कैदेचं. आपल्याकडच्या कन्नड फिर्यादीतही ‘निष्काळजीतन’ असा शब्द येतो, तो मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘अपघातच तो, गावातच मिटवू’ म्हणणाऱ्यांना हेही सांगा की 106चा गुन्हा आपसात मिटवता येत नाही.

म्हणून जागेवर शब्द जपून वापरा. आधी 108 (रुग्णवाहिका) आणि 112 (पोलीस). जखमीला उचलणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ नं संरक्षण आहे, घाबरू नका. गाड्या हलवण्याआधी फोटो घ्या: टायरच्या खुणा, काचांचा सडा कुठून सुरू होतो, ट्रॉलीची मागची बाजू, दिव्याची वायर जोडलेली की लोंबणारी. धडकेची जागा ते गाडी थांबली ती जागा हे अंतर पावलांनी मोजा. जबाबात ‘अपघात झाला’ एवढंच सांगून थांबू नका. ‘ट्रॉली डांबरावर उभी होती, मागं दिवा नव्हता, त्रिकोण नव्हता’ असं सांगा, म्हणजे पंचनाम्यात त्या गोष्टी बघाव्या लागतात. फिर्याद कन्नडमध्ये असेल तर वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा. फिर्याद देणाऱ्याला प्रत फुकट मिळते.

सीमेवरच्या घरांना एक गोष्ट फार उपयोगाची आहे. भरपाईचा दावा जिथं धडक झाली तिथंच लावायला हवा असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे दावेदार राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो दाखल होतो. म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजच्या माणसाला संकेश्वरजवळ उडवलं तरी दर तारखेला राज्याची हद्द ओलांडायची गरज नाही. मुदत धडकेपासून सहा महिन्यांची धरा, आणि गाडीच्या तपासणीचा अहवाल मागून घ्या. ट्रॉलीला दिवा होता की नव्हता, हे त्यात बघायचं.