मामा की काका?

मे महिन्याच्या सुट्टीत भाची डोंबिवलीहून राहायला आली होती. भर उन्हात खेळायला सोडायचं नाही, म्हणून दुपारी तिला पेलिनल नावाच्या योद्ध्याचं आख्यान सांगत बसलो. 2006 सालच्या 'ऑब्लिव्हियन' गेममधलं, 'नाइट्स ऑफ द नाइन' या भागातलं. तिथे ही पोथी आठ खंडांत सापडते.

शेवटी एल्फ पेलिनलचे तुकडे करतात, मुंडकं मात्र बोलत राहतं. समोर त्याचा जोडीदार मॉरिहाउस, पंखांचा बैल-माणूस. नाकातल्या कडीतून फुरफुरत तो मुंडक्याला 'अंकल' म्हणतो.

"अंकल म्हणजे मामा की काका?"

झाली पंचाईत. इतकी वर्षं खेळतोय, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. इंग्रजीत भागून जातं, मराठीत आधी आईकडचा की बापाकडचा ते ठरवावं लागतं.

मॉरिहाउस काइनदेवीचा मुलगा, हे पोथी ठासून सांगते. बापाबद्दल अळीमिळी गुपचिळी. पेलिनल हा शेझारदेवाचा अवतार का, तर ते न बोललेलंच बरं म्हणे. प्लॉन्टिनू नावाचा एकजण बोलला आणि त्याच रात्री दिव्यावर येतात तसल्या पाखरांनी त्याला गुदमरवून मारलं. आता शेझार म्हणजेच नॉर्ड लोकांचा शॉर, आणि शॉर तर काइनचा नवरा! मग अवतार धरला तर पेलिनल बाप ठरेल, गेलाबाजार सावत्र बाप. अंकल कुठून झाला?

माझा एक मित्र म्हणतो, मानलेला काका असेल, आपण नाही का रिक्षावाल्यालाही काका म्हणत. पोथीतही तशी पळवाट आहे: अमरांच्या लहरी असतील, म्हणे. मला नाही पटत. एल्फांविरुद्ध बंड करणाऱ्या अलेशियाच्या मदतीला पेलिनलला धाडलं ते काइननेच. भाऊ म्हणूनच ना? शिवाय अलेशियाच्या नादी लागू नकोस, आपल्यासारख्यांच्या प्रेमातून राक्षस जन्मतात, असं पेलिनल बजावतो, तेव्हा तो लाजरा बैल नाकातली कडी चांदण्यात हलवून म्हणतो, ती या कडीवरच्या चकाकीसारखी आहे, रात्री मान हलवली की दिसतेच. (पुढे अलेशिया आणि मॉरिहाउसचा मुलगा बेल्हार्झा, बैलच, सम्राट झाला.)

"हे काकाला कोण सांगेल?" भाची म्हणाली. "मामाच."

आतून आई ओरडली, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, आमरस घ्यायला या."

रात्री ट्यूबलाइटभोवती दोन-चार पाखरं जमली, तशी भाचीने उठून खिडकी लावून घेतली.

"दुपारी तू ते बोललास ना, मामा."