फातोर्ड्याला सेमीफायनल बघायला जाताय? ८९व्या मिनिटाला उठू नका

आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलच्या, प्लेऑफला बाहेरगावी जायचं तर सामन्याच्या तिकिटाआधी रेल्वेचं तिकीट रडवतं. मुंबई सिटी साखळीत दुसरी आल्यामुळे थेट सेमीफायनलमध्ये होती, म्हणजे दोन लेग: एक सामना त्यांच्या घरी, एक आपल्या. समोर कोण येणार हे मात्र तिसऱ्या आणि सहाव्या क्रमांकाच्या एकाच बाद सामन्यावर ठरायचं होतं. २० एप्रिल २०२४ च्या रात्री एफसी गोवाने चेन्नईयिनला २-१ हरवलं आणि कळलं की बुधवारी, २४ तारखेला, पहिल्या लेगला मडगावचं फातोर्डा स्टेडियम गाठायचंय. निकाल उलटा लागला असता तर चेन्नई! हातात चार दिवस, त्यात कोकण रेल्वे आणि सुट्ट्यांचे दिवस. वेटिंग लिस्ट बघून हसूच आलं.

शेवटी तत्काळ. एसीचं सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला. दोघं जात असाल तर एकाने हे धरावं, एकाने ते. मला पहाटेची वंदे भारत मिळाली, दुपारी एकच्या सुमारास मडगावात. साडेसातच्या सामन्याला हे अगदी सोयीचं आहे, कारण मधे जेवण आणि झोप दोन्ही बसतं. रात्रीची कोकणकन्याही चालेल. परतीला मात्र तिचा भरवसा धरू नका, ती मडगावहून संध्याकाळीच सुटते. मुक्काम करा आणि सकाळची मांडवी पकडा.

खोली मडगावातच घ्या. आमच्यातल्या एकाने ‘तेवढाच समुद्र’ म्हणून कळंगुटला घेतली आणि रात्री साडेनऊनंतर गोव्याच्या त्या टोकाला जायला टॅक्सीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून आमच्या खोलीत जमिनीवर झोपला. गोव्यात ओला-उबर नाही. कदंबचा, म्हणजे गोव्याच्या एसटीचा, स्टँड स्टेडियमपासून चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि एकटे असाल तर पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाला पायलट सगळ्यात सोयीचा. पैसे बसायच्या आधी ठरवायचे. समुद्र हवाच असेल तर कोलवा जवळ पडतं.

पाण्याची बाटली, पॉवर बँक, छत्री असलं काही नेऊ नका, गेटवर उगाच वाद. नॅपकिन न्या. एप्रिलमधली फातोर्ड्याची हवा म्हणजे ओला टॉवेल पांघरून बसणं. सूर्य मावळला तरी घाम थांबत नाही.

मी मुंबईचा निळा शर्ट पिशवीतच ठेवला होता. कुणी काही बोललं असतं असं नाही, पण चारी बाजूंना गोव्याचा नारिंगी रंग असताना एकट्याने शौर्य कशाला दाखवा? शेजारी सत्तरीच्या घरातले एक काका होते, मांडीवर घडी घातलेला रुमाल. १६व्या मिनिटाला बोरिस सिंगने गोल केला तेव्हा त्यांनी तो रुमाल एकदाच झटकला आणि परत घडी घातली. ५६व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसचा दुसरा. पुन्हा एक झटका, पुन्हा घडी. मुंबईचं काही जुळतच नव्हतं.

८९व्या मिनिटाला मी उठलो. हिशोब साधा होता: हरलोच आहोत, निदान गर्दीच्या आधी पायलट तरी मिळेल. काका वर न बघता म्हणाले, “बस रे, अजून सोंपूंक ना.” मी हसून निघालो.

जिन्याच्या तोंडाशी पोचलो आणि मुंबईच्या छांगतेचा गोल झाला, तो खांबाच्या कडेने अर्धा दिसला. परत वर चढेपर्यंत विक्रम प्रताप सिंगचा दुसरा होऊन गेला होता. जागेवर जायची वाटच उरली नव्हती, सगळे उभे. ९०+६ ला छांगतेने तिसरा मारला तो मी बघितलाच नाही. पुढच्यांच्या पाठी होत्या, आणि एवढ्या मोठ्या स्टेडियममधला आवाज बटण बंद केल्यासारखा गेला. त्यावरून ओळखलं. ३-२. आनंदाने ओरडायची सोय नव्हती. मी खांबाला हात लावून उभा राहिलो.

पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल २०२५ ला, याच मैदानावर सेमीफायनलच्या दुसऱ्या लेगमध्ये सादिकूने ८८व्या मिनिटाला गोव्याला दोन्ही लेग मिळून बरोबरीत आणलं आणि ९०+२ ला छेत्रीने बंगळुरूला फायनलमध्ये नेलं. तेव्हा तिथून लवकर निघणाऱ्यांना माझ्याकडून सहानुभूती नाही.

सामन्यानंतर गर्दी ओसरेपर्यंत गाड्यावर रॉस ऑम्लेट, म्हणजे रश्श्यातलं ऑम्लेट, खा. रस्सा जास्त मागा, पाव दोन पुरत नाहीत.

तेव्हा साखळीत वरचा असलेला संघ दुसरा लेग घरी खेळायचा, म्हणून आमच्या सेमीफायनलचा दुसरा लेग २९ एप्रिल २०२४ ला अंधेरीत. तिथे शेवटच्या शिट्टीपर्यंत जागचा हललो नाही. मुंबई २-० जिंकली, दुसरा गोल ८३व्या मिनिटाला. त्यानंतर काहीही घडलं नाही, आणि बाहेर रिक्षाला मरणाची रांग होती.