ऑडिशनची वही : नकारानंतरची नोंद

मागच्या नोंदीत दोन ऑडिशनच्या निकालांची वाट बघतेय असं लिहिलं होतं. एकीकडून नकार आला. दुसरीकडून काहीच आलं नाही आणि आता येणारही नाही, कारण त्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्याचं परस्पर कळलं. म्हणजे तिकडूनही नारळच, फक्त हातात दिला नाही इतकंच. तेव्हा या वेळी अभिनयाबद्दल कमी आणि नकार पचवण्याबद्दल जास्त लिहितेय. आवाजाच्या व्यायामांची वाट बघणाऱ्यांनी पुढच्या नोंदीपर्यंत कळ काढा.

आधी वहीबद्दल, कारण या खेपेला खरी उपयोगी पडली ती तीच. ऑडिशन देऊन बाहेर पडलं की निकाल कळायच्या आत एक पान लिहायचं, हा माझा नियम. ‘छान झालं’, ‘वाट लागली’ असले शेरे त्यात चालत नाहीत. घडलं तेवढंच लिहायचं : कुठलं वाक्य कसं घेतलं, श्वास कुठे अपुरा पडला, दिग्दर्शकाने काय बदलून करायला सांगितलं आणि मग मी काय केलं. खाली तारीख टाकायची आणि पान मिटायचं. निकालानंतर त्यात खाडाखोड करायची नाही.

हे खूळ एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचून डोक्यात शिरलं. १९७२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यांवर जाणार होते. त्या दौऱ्यांत काय काय घडण्याची किती शक्यता आहे, याचे अंदाज मानसशास्त्रज्ञ बारुक फिशहॉफ आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने लोकांकडून आधी लिहून घेतले. दौरे आटोपल्यावर त्याच लोकांना त्यांचेच अंदाज आठवून सांगायला लावले. जे घडलं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, असं लोकांना वाटू लागलं होतं. १९७५ साली हे प्रसिद्ध झालं. निकाल कळला की आधीची आठवण निकालाच्या बाजूने झुकते, आणि झुकल्याचं आपल्याला कळतही नाही.

आता माझं पाहा. नकाराचा दोन ओळींचा मेल वाचला आणि मला छातीठोकपणे आठवायला लागलं, की स्वगत सपाट गेलं होतं, टेबलामागच्या बाई कागदात डोकं खुपसून बसल्या होत्या आणि दिग्दर्शकाने मध्येच थांबवलं ते कंटाळून. मग वही उघडली. पानावर होतं : ‘तिसऱ्या वाक्याआधीचा थांबा धरता आला. थांबवून दिग्दर्शक म्हणाले, हेच आता समोरच्याला हसवायच्या खटपटीत असल्यासारखं कर. केलं. शेवटच्या ओळीला बाईंनी मान वर केली.’ खोली तीच आणि बाईही त्याच! मेल आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मनाने सगळं नाटकच बदलून टाकलं होतं.

याचा अर्थ भूमिका मलाच मिळायला हवी होती, असा अजिबात नाही. पण निकाल एका जागी आणि त्या दिवशीचं काम दुसऱ्या जागी ठेवता आलं. पुढच्या ऑडिशनची तयारी मी त्या पानावरून करते, मेलवरून नाही.

दुसरी गोष्ट घडली ती टेबलाच्या पलीकडे. एका हौशी संस्थेला ऑडिशनसाठी समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारं कुणीतरी हवं होतं, मी गेले. संधी मिळाली तर एकदा तरी हे कराच. येणाऱ्या प्रत्येकासमोर तीच चार पानं वाचायची, शक्यतो एकाच सुरात, म्हणजे कुणाला जास्तीची मदत होत नाही. उमेदवार दार ओढून घेऊन गेला की टेबलावर जे बोलणं होतं, ते अर्ध्या मिनिटाच्या वर क्वचितच जातं. मला वाटायचं, आत आपली चिरफाड चालत असणार. कसली चिरफाड! ‘बरी आहे. पण भावाच्या भूमिकेला तो उंच मुलगा घेतला तर ही त्याची मोठी बहीण वाटेल का?’ ‘दोघींचा आवाज एकाच पट्टीतला आहे, प्रवेशात वेगळ्या ऐकू येणार नाहीत.’ ‘शनिवारी तालमीला येता येणार नाही म्हणते.’ एका मुलीने असं काही वाचलं की माझी पुढची ओळ चुकली, आणि तिलाही नाही म्हणावं लागलं, कारण नायक आधीच ठरलेला होता आणि त्याच्याशेजारी ती फार लहान दिसत होती. घरी जाऊन ती ‘मी कुठे कमी पडले’ याचा हिशेब करत बसली असणार.

अर्थात काहीजण कामामुळेच गळले, तेही लिहायला हवं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. दिग्दर्शक ‘हेच जरा वेगळं करून बघ’ म्हणाला की बरेच जण पहिलंच वाचन जरा मोठ्या आवाजात पुन्हा करतात. दिग्दर्शकाला त्या वेळी दुसरं वाचन पहिल्यापेक्षा चांगलं व्हावं अशी अपेक्षाच नसते. सांगितलेलं या माणसात शिरतं का, एवढंच त्याला बघायचं असतं, कारण पुढे तालमी त्याच्याबरोबर काढायच्या असतात. दुसरं वाचन फसलं तरी वेगळं झालं, म्हणून दुसऱ्या फेरीला बोलावलेले लोक मी पाहिले. शिवाय मध्येच थांबवणं हे बहुतेक वेळा घड्याळामुळे असतं. बाहेर रांग असते आणि हवं ते पहिल्या मिनिटात दिसलेलं असतं, मग ते चांगलं असो की वाईट. ‘थँक यू’ कुठल्या स्वरात आलं यावरून भविष्य वर्तवणं मी तेव्हापासून सोडलं.

‘मनाला लावून घेऊ नकोस’ हा सल्ला मात्र मला कधीच पटलेला नाही. गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेतल्या बऱ्याच वाद्यवृंदांनी निवडीच्या वेळी वादकाला पडद्याआड बसवायला सुरुवात केली, म्हणजे परीक्षकांनी फक्त वाजवणं ऐकावं. बुटांच्या टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे ओळखू येऊ नये म्हणून चालायच्या वाटेवर सतरंजीही अंथरली जायची. नटाला कुठल्या पडद्याआड बसवणार? उंची, चेहरा, आवाज, चालणं हेच तर तपासायचं असतं. व्हायोलिन खाली ठेवून घरी जाता येतं, आपलं वाद्य आपल्या अंगावरच असतं. ते नाकारलं गेलं की मनाला लागणारच. २००३ साली मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी संगणकावरच्या साध्या चेंडूफेकीच्या खेळातून लोकांना वगळून पाहिलं, तेव्हा मेंदूचा जो भाग शारीरिक वेदनेच्या वेळी चेतवला जातो, त्यातला काही भाग तेव्हाही चेतवलेला दिसला. पुढच्या संशोधनात दोन्हींचे ठसे वेगळे ओळखता येतात असंही निघालं, तेव्हा ‘नकार म्हणजे हाड मोडणंच’ असं कुणी ठोकून देत असेल तर सोडून द्या. पण अनोळखी लोकांनी खोटा चेंडू टाकला नाही तरी माणसाला लागतं, मग इथे वाईट वाटलं म्हणून लाजायचं कशाला? मी ती संध्याकाळ मोकळी सोडते. कुणाला फोन नाही, त्या गटाची पानं चाळणं नाही.

काहीच उत्तर न येण्याचं काय करायचं, यावर माझा तोडगा साधा आहे. निकालाची सांगितलेली तारीख उलटली की एकदाच, नम्र आणि एका ओळीत विचारायचं. तरी शांतता असेल तर वहीत ‘बंद’ लिहायचं. ‘माझं काय चुकलं ते सांगाल का’ असं मी विचारत नाही. त्यावर गुळमुळीत उत्तरं येतात आणि मग आपण त्यातल्या एका शब्दावर आठवडाभर जगतो. दुसऱ्या फेरीपर्यंत पोचले असेन तरच विचारते, कारण तेव्हा समोरच्याने आपल्याला पुरेसं पाहिलेलं असतं. ‘भूमिका नाही, पण बॅकस्टेजला ये’ हे आमंत्रण नेपथ्याची, प्रकाशाची मनापासून आवड असेल तर जरूर घ्या. विंगेत उभं राहून मनातल्या मनात भूमिका मिळालेल्या नटीची वाक्यं म्हणणार असाल तर घेऊ नका, दोघांनाही त्रास होतो.

जे नाटक हुकलं होतं, त्याचा प्रयोग जाऊन पाहिला. पहिल्या अंकात नुसतीच जळत बसले. दुसऱ्या अंकात, ज्या वाक्यावर मी आवाज चढवला होता, ते भूमिका मिळालेल्या नटीने टेबल पुसता पुसता, बघतसुद्धा नाही अशा सुरात टाकलं आणि प्रेक्षागृह गार झालं. ही शक्यता मला सुचलीच नव्हती. मध्यंतरात नाही, पण प्रयोगानंतर तिला भेटून हे सांगितलं.

ऑडिशनआधीच्या धडधडीबद्दल थोडक्यात : २०१४ साली ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या प्रयोगांत कराओके गाण्याआधी ‘मी उत्साहात आहे’ असं मोठ्याने म्हणणारे ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा बरे गायले, आणि भाषणाआधी तसं म्हणणारे ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. करून पाहतेय. धडधड आहे तेवढीच आहे, पण तिला दाबण्यात जाणारी ताकद तरी वाचते.

पुढची ऑडिशन आयत्या वेळी हातात दिलेल्या संहितेवर आहे, म्हणजे पाठांतराचा आधार नाही. रोज कुठलंही अनोळखी पान घेऊन सराव चाललाय : ओळीचा शेवटचा भाग नजरेत भरून घ्यायचा, मान वर करायची, भिंतीवरच्या एका ठिपक्याला ती ओळ पूर्ण सांगायची आणि मगच पुन्हा कागदाकडे बघायचं. अंगठा समासावर सरकवत ठेवला की जागा चुकत नाही. लांब वाक्यांना अजून मधेच डोळे खाली जातात.